आत दोन जण

हे घडलेलं आहे. मनानं रचलं असतं, तर स्वतःला जरा बरी भूमिका दिली असती.

वार रविवार. भर दुपार. भुतं रात्रीच येतात असं मानणाऱ्यांनी एकदा आमच्या कंट्रोल रूममध्ये बसून बघावं. तिथं खिडकीच नाही.

मी मोबाइल कंपनीत आहे. कुठला टॉवर बंद पडला, कुठली वीज गेली, हे भिंतीवरच्या स्क्रीनवर बघायचं काम. एके काळी त्या खोलीत बसायला खुर्ची मिळायची नाही. मग एआय आलं. बिघाड तेच शोधू लागलं, बरेचसे दुरुस्तही करू लागलं, आणि जिथं माणसाचा हात लागतोच तिथं माणूसही तेच पाठवू लागलं. आमच्यातला एकेक जण घरी गेला.

उरल्या खुर्च्या. आणि मी.

नियमाला एक माणूस लागतो, म्हणून मी. यंत्र निर्णय घ्यायचं, मी ‘मान्य’चं बटण दाबायचो. लग्नाला बरीच वर्षं झाल्यामुळे सराव होता.

त्या यंत्रणेला आम्ही ‘जावईबापू’ म्हणायचो. आले, मानाच्या जागी बसले, आणि त्यांना जाब विचारायची कोणाची टाप नाही. मीही कोणाचा तरी जावई आहे, पण हा थाट माझ्या वाट्याला कधी आला नाही.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच कंपनीत टॉवरवर दुरुस्तीला जातो. तोंड कधी मिटत नाही, म्हणून सगळे त्याला ‘रेडिओ’ म्हणतात.

आमची एक जुनी रीत आहे. टॉवरखालच्या यंत्रांच्या खोलीत शिरलं, की भिंतीवरच्या स्पीकरमध्ये ‘आत’ म्हणायचं. काम संपलं की ‘बाहेर’. तिथं मोबाइल चालत नाही. टॉवरच्या बुडाशीच रेंज नाही. दिव्याखाली अंधार तो हाच. त्यामुळे पूर्वी आत गेलेला माणूस ‘बाहेर’ म्हणेपर्यंत आमच्यातलं कोणी चहालाही उठायचं नाही.

ही रीत जावईबापूंना शिकवली. त्यांनी ती फारच मनावर घेतली. बॅटऱ्या चोरीला जातात म्हणून खोलीला आपोआप बंद होणारं लोखंडी दार बसवलेलं. आत गेलेल्या प्रत्येकानं ‘बाहेर’ म्हटलं, तरच ते उघडायचं.

त्या रविवारी रेडिओ एका माळावरच्या टॉवरवर एसी दुरुस्त करायला गेला होता. नवं दार बसल्यापासून त्या खोलीत शिरणारा तो पहिलाच. काम झालं की आमच्याकडेच जेवायला येणार होता.

“भाऊजी, झालं हो. भुकेनं जीव चाललाय. बाहेर!”

दार उघडलं नाही.

“बाहेर म्हटलं ना! बहिरे झाले का तुमचे जावईबापू?”

जावईबापू शांतपणे म्हणाले, “दुसऱ्या कर्मचाऱ्याची वाट पाहत आहोत.”

“दुसरा कोण? मी एकटाच आहे!”

“आत दोन जण आहेत.”

मी हसलो. तेव्हा अजून हसू येत होतं.

“बरं, निदान एसी तरी लावा,” रेडिओ म्हणाला. “भट्टी झालीय इथं.”

“दुसरे कर्मचारी एसीपाशी उभे आहेत. त्यांच्या सुरक्षेसाठी तो सुरू करता येणार नाही.”

आता मला हसू येईना. पत्र्याची बंद खोली. चारी बाजूंनी तापलेली यंत्रं. वर उन्हाळ्याची दुपार. दुसरा दुरुस्तीवाला बोलवावा, तर माणसं कमी केल्यामुळे जवळचा म्हणजे अर्ध्या दिवसाच्या वाटेवर.

साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, “सिस्टिम दोन म्हणतेय ना? मग असेल कोणीतरी. नीट बघ.”

बघणार कशानं? कॅमेरा काटकसरीत गेला होता.

मग आमच्या रेडिओनं स्वतःच्या वकुबाप्रमाणे डोकं चालवलं. घसा खाकरून, जाड आवाज काढून म्हणाला, “बाहेर!”

“हा आवाज पहिल्या कर्मचाऱ्याचाच आहे,” जावईबापू म्हणाले.

मी माइक ओढून म्हटलं, “बाहेर.”

“आपण आत नाही.”

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. बायको.

“निघाला का तो? पानं वाढू?”

“थोडं काम राहिलंय.”

“तुमची कामं मला सांगू नका. त्याला बरोबर घेऊनच या.”

फोन ठेवला. स्पीकरमध्ये रेडिओचा श्वास ऐकू येत होता. धाप लागल्यासारखा.

रेडिओ… गप्प.

“काय रे? ऐकतोयस ना?”

“भाऊजी…” आवाज एकदम बारीक. “पकड कोण आपटतंय?”

“कसली पकड?”

“कपाटावर. माझी तर खिशात आहे…”

मग मलाही ऐकू आलं.

टक… टक.

तो आवाज मी ओळखत होतो.

मी जावईबापूंना विचारलं, “दुसरा कर्मचारी कोण?”

त्यांनी नाव सांगितलं. ते इथं लिहीत नाही. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो.

आण्णांना मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या कामात माणूस म्हणजे आवाज. काम आटोपलं की ते कपाटावर दोनदा पकड आपटायचे. आम्ही म्हणायचो, “आण्णा, आवरा आता.” ते विचारायचे, “जेवलात का?” आणि मगच म्हणायचे, “बाहेर.”

त्याच खोलीत त्यांचं हृदय बंद पडलं. त्याला किती वर्षं झाली. त्यांना उचलून बाहेर आणलं होतं, पण ‘बाहेर’ म्हणायचं राहून गेलं. नवी यंत्रणा आली तेव्हा जुन्या सगळ्या नोंदी तिच्यात ओतल्या. तेव्हापासून आमच्या जावईबापूंच्या लेखी आण्णा आतच होते.

म्हणजे चूक यंत्राची. असं मी स्वतःला समजावलं.

पण मग पकड कोण आपटत होतं?

“भाऊजी… ताईला सांगा…” रेडिओ पुटपुटला. मग धपकन काहीतरी पडल्याचा आवाज.

मला दुसरं काही सुचलं नाही. माइक जवळ घेतला.

“आण्णा… आवरा आता.”

माइक आणखी जवळ ओढला.

“आण्णा, पोराला घरी जायचंय. आवरा.”

यंत्रांची घरघर थांबली. सगळ्याच्या सगळ्या यंत्रांची.

आणि त्या शांततेत, अगदी स्पीकरला तोंड लावून…

“जेवलात का?”

मी म्हटलं, “नाही, आण्णा. अजून नाही.”

“बाहेर.”

खटका वाजला. जावईबापू म्हणाले, “धन्यवाद. दोघेही बाहेर.”

रेडिओ वाचला. गुडघ्यांवर रांगत बाहेर आला. पुढं बरेच दिवस तो काही बोललाच नाही. नंतर एकदाच म्हणाला, “भाऊजी, ते दार सोडलं की आपोआप मिटतं ना? मला रांगायला किती वेळ लागला… तोवर कोणीतरी ते धरून उभं होतं.”

त्यानं नोकरी सोडली. कंपनीनं चौकशी केली, ‘मानवी चूक’ असा निष्कर्ष काढला, आणि सुरक्षा वाढवली. म्हणजे तसंच दार आमच्या कंट्रोल रूमलाही बसवलं.

आज संध्याकाळी काम संपवून मी म्हटलं, “बाहेर.”

दार उघडलं नाही.

मला वाटलं, आता ‘आत दोन जण’ म्हणणार. मनाची तयारी केली होती.

जावईबापू म्हणाले, “आत एक जण आहे. त्यांची वाट पाहत आहोत.”

“अरे, तो एक म्हणजे मीच!”

मी घरी फोन लावला. “या खोलीतून कोणीही बोलत नाही,” जावईबापू म्हणाले, आणि फोन तोडला.

हे मी आतूनच लिहितोय.

मघाशी मागच्या रिकाम्या खुर्चीच्या बाजूनं आवाज आला…

टक… टक.

“जेवलात का?”

मी अजून उत्तर दिलेलं नाही. उत्तर दिलं की ते ‘बाहेर’ म्हणतील. दार उघडेल.

आणि जावईबापूंच्या हिशेबात बाहेर पडणारा एकच असेल, आणि तो मी नसेन.