आतल्या उंबऱ्यावरच्या मुंग्या

वनमालाला घराची इतकी घाई झाली होती की शिरूर कासारच्या फाट्यावर ती ट्रॅक्टरमधून उतरली आणि नवऱ्याच्या, अभिमन्यूच्या मागं फटफटीवर जाऊन बसली. गाडी त्याच्या मित्राची. सासू, छबुबाई, ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर बसलेली. ती वरूनच म्हणाली, "म्होरं जा, पण मी आल्याबिगर आत शिरू नका." वनमालानं मान डोलावली आणि वाडीची कमान दिसेस्तोवर ते विसरूनसुद्धा गेली.

घाई होणारच की हो. ऐन ऊसतोडीच्या तोंडावर लग्न लागलेलं, हळद उतरायच्या आत हातात कोयता. या घरात ती जेमतेम एक रात्र राहिली होती. मग सहा महिने माजलगावकडं, उसाच्या रानात, पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत. कोपीत उशाला गोम निघायची, पिठात मुंगळे, आणि एकदा तर कानात किडा शिरून तिनं अख्खी कोपी डोक्यावर घेतली होती. पण तिथं ती कुरकुरली नाही. रान त्यांचं, आपण उपरे, असं स्वतःला समजावत राहिली. आता मात्र दार तिचं होतं. पाचवा महिना सरत आलेला, आठवडाभरापासून पोर पोटात लाथा मारायला लागलेलं, आणि आज गाडीवर तर त्याला नुसता ऊत आला होता. लेकराला टेकवायचं त्या जमिनीवर एक किडा दिसता कामा नये, हे तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. माजलगावच्या बाजारातून किडे मारायच्या फवाऱ्याची मोठी बाटली तिनं पदराखाली सांभाळत आणली होती.

कुलूप काढताना अभिमन्यू जरा घुटमळला. "आईला येऊ दे का? दरसाली ती आधी दारात हुबी राहून बोलती."

"कुणाशी?"

"किड्यामुंग्यांशी." तो स्वतःच हसला. "जाताना पीठ ठेवती न् घर राखा म्हणती. आल्यावर, आलो आमी, सरका म्हणती. घटकाभर दार उघडं ठेवायचं. मंग झाडलोट. कोण मरत न्हाई, कोण चावत न्हाई."

"आन् तुमी हुबे राहता व्हय उन्हात, मुंग्या सामान बांधंस्तोवर?" वनमाला म्हणाली. अभिमन्यूला हसू फुटलं. त्यानं दार ढकललं आणि तो पाण्याची घागर घेऊन हापशाकडं गेला.

पुढच्या खोलीत सहा महिन्यांची धूळ होती. चुलीत कोळ्याची जाळी, फळीवर झुरळं. तिनं पदर खोचला, तोंडाला फडकं बांधलं आणि कामाला लागली. अंगात नुसता वारा भरला होता. गाणं गुणगुणत तिनं फवारा मारला, झाडलं, पुन्हा मारला. मग ती आतल्या खोलीकडं वळली.

आतल्या उंबऱ्यावर मुंग्यांची ओळ होती. दोन बोटं रुंद, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत. मुंग्या कुठं जात नव्हत्या. कुणाच्या तोंडात दाणा नव्हता. जागच्या जागी उभ्या होत्या. वर चौकटीवर पाली बसलेल्या, सगळ्यांची तोंडं आत. आणि अख्ख्या दाराला एकच जाळं, इतकं दाट की पलीकडची भिंत अंधुक दिसत होती.

तिनं फवारा मारला. पुढच्या मुंग्या गळून पडल्या. मागच्या पळाल्या नाहीत. भिंतीतून आणखी आल्या आणि पडलेल्यांच्या जागी उभ्या राहिल्या.

वनमालाचा हात थबकला. कोपीतल्या मुंग्या पाणी पडलं तरी वाट फुटेल तिकडं धावायच्या. क्षणभर तिला वाईट वाटलं, अगदी खरं वाटलं. मग पोटात लाथ बसली, आणि तिनं बाटली रिकामी होईस्तोवर दाबली. केरसुणीनं जाळं ओढून काढलं. पाली एकेक करून खाली पडल्या.

आतली खोली बघून मात्र ती हरखलीच. जमिनीवर धुळीचा कण नाही. उंदराची लेंडी नाही. जणू सकाळीच कुणी सारवली होती. लेकरासाठी हीच खोली, ती मोठ्यानं म्हणाली, आणि तिला दम धरवेना. लग्नातलं हिरवं लुगडं पिशवीतून काढून तिनं आढ्याला झोळी बांधली. नुसतं बघायला. झोळी गुडघ्यापाशी छान अधांतरी राहिली.

दिवस कलताना ट्रॅक्टर आला. छबुबाई उतरली ती थेट दारासमोर उभी राहिली आणि डोक्यावर पदर घेऊन म्हणाली, "आलो गं बायांनो. लई राखलं. सरका आता."

ती वाट बघत राहिली. काहीच बाहेर आलं नाही.

"कोण न्हाई आत, आत्याबाई," वनमाला हसत म्हणाली. "म्या सगळं साफ केलं." तिनं अंगणातला मेलेल्या किड्यांचा ढीग दाखवला.

छबुबाईनं ढिगाकडं बघितलं. "आतल्या उंबऱ्यावरच्या बी?"

"त्याबी. कावून?"

"मला ठावं न्हाई. माझ्या सासूनं सांगितलं तवा म्याबी इचारलं न्हाई." तिनं गाठोड्यातून पीठ काढलं आणि आतल्या उंबऱ्यावर भुरभुरलं. पीठ तसंच पडून राहिलं. एक मुंगी आली नाही.

अभिमन्यूनं दिवा लावला. बाहेर खांबावरच्या दिव्याभोवती चिलटांचा घोळ होता. घरातल्या दिव्याकडं एक पाखरू फिरकलं नाही. रातकिडाही बोलेना. वनमालाला आता पहिल्यांदा भीती वाटली.

छबुबाई आत डोकावली. "झोळी कुणी बांधली?"

"म्याच. नुसती बघायला."

"सोड ती. आत्ताच्या आत्ता."

वनमाला आत गेली. गुडघ्यापाशी लोंबणारी झोळी आता जमिनीला टेकायला आली होती.

वारा नव्हता. आढं करकरलं.

गाठ ताणून घट्ट झालेली. तिची नखं आत जाईनात.

तिचा एक हात आपसूक पोटावर गेला. दुपारपासून, झाडलोट झाल्यापासून, तिथं काही हललं नव्हतं. तिनं हात दाबून धरला. वाट बघितली.

झोळीच्या हिरव्या लुगड्याला आतून एक छोटी लाथ बसली.