बर्फावरच्या दुसऱ्या रेघा

दुपारचे दोन. बर्फावर एकच मुलगी स्केटिंग करत होती आणि रेघा दोघांच्या उमटत होत्या.

हे ऐकीव नाही. मुलगी माझी पुतणी, अक्षता. त्या दुपारी मी तिथे उभा होतो.

यंदाचा मे महिना. सोलापूर-मोहोळ रस्त्यावरचं एक खासगी विद्यापीठ. नाव देत नाही. तिथे पूर्वी बर्फाचा कारखाना होता. विद्यापीठाने त्याच्या दगडी भिंती तशाच ठेवून आत आइस रिंक बांधली. तळाशी गार द्रावणाच्या नळ्या, त्यांवर काँक्रीट, काँक्रीटवर पाण्याचे पातळ थर गोठवून केलेला बर्फ. खेळ संपला की पाण्याचा नवा थर देतात. जुन्या रेघा बुजतात.

ते काम माझ्या धाकट्या भावाचं, महेश्वरचं. अक्षता त्याची मुलगी. तिची डेहराडूनची स्केटिंगची निवड चाचणी तोंडावर आली होती. पोरगी इतकी बारीक की महेश्वर रोज म्हणायचा, "जेव की जरा. पंखा लावला तर उडून जाशील."

त्या दुपारी त्याने नुकताच नवा थर दिला होता. बर्फावर एक ओरखडा नव्हता. अक्षता उतरली. दार मीच लावलं.

पात्यांचा आवाज येत होता... सर्र... सर्र...

अक्षता थांबली.

आवाज थांबला नाही.

एक फेरी पूर्ण झाली... मग शांत.

महेश्वर मशीनच्या खोलीतून बाहेर आला. "अजून कोण हाय गं आत?"

"कोण न्हाय अप्पा. मी एकटीच हाय की."

तिच्या रेघा मधोमध होत्या.

दुसऱ्या... पलीकडच्या दगडी भिंतीलगत.

दुसऱ्या दिवशी त्या अर्ध्या रिंकपर्यंत आल्या. तिसऱ्या दिवशी तिच्यापासून हातभर अंतरावर.

"बास झालं," महेश्वर म्हणाला. "उद्यापासून यायचं न्हाय."

"मग सराव कुठं करू? अंगणात?"

त्याच रात्री ट्रान्सफॉर्मर जळाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळा बर्फ वितळला. आम्ही पाणी काढलं, फरशी वाळू दिली.

दुसऱ्या रेघा काँक्रीटवरही होत्या...

भिंतीपासून निघालेल्या. थेट दारापर्यंत.

रिंक तेव्हापासून बंद आहे. अक्षताने हट्ट सोडला नाही, ती डेहराडूनला गेली. काल चाचणीची पहिली फेरी झाली. संध्याकाळी तिचा फोन आला. महेश्वरने आधी तेच विचारलं.

"रेघा बघितल्यास?"

"बघितल्या अप्पा. फक्त माझ्याच हायत."

महेश्वर मटकन खुर्चीत बसला. कित्येक दिवसांनी हसला.

"पण तिथले सर एक विचारत होते..."

"काय?"

"एवढ्या बारीक पोरीच्या रेघा इतक्या खोल कशा जातात म्हणून."

फोन तिथेच कट झाला. महेश्वरने परत लावला, तो तिने उचलला नाही.

दुसरी फेरी आज आहे. दुपारी दोन वाजता.