लेबल नसलेले डबे

गुरुवारच्या त्या रांगेत ती पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा ओढणी अशी काही गुंडाळली होती की डोळे तेवढे उघडे. कपड्यांचा कारखाना बंद पडला, शिलाईचं काम गेलं, घरातलं पीठ संपलं, सगळं खरं. पण म्हणून फुकट शिधा घेताना ओळखीच्या कुणी बघावं? छे!

टेबलापलीकडे एक पंखे दुरुस्त करणारा होता. दर गुरुवारी दुकानाला टाळं लावून इथे पिशव्या भरायचा. ओलीने लेबल निघालेला एक सीलबंद डबा त्याने कानाशी धरून हलवला.

"मटार," तो म्हणाला. "पंख्याचं दुखणं कानाने ओळखतो मी. हा तर साधा डबा."

घरी उघडला, तर अननस!

पुढच्या गुरुवारी ती तावातावाने टेबलाशी गेली. ओढणी कधी खांद्यावर आली, कळलंच नाही.

"मटारासाठी कांदा परतून झाला होता आमचा!"

"मग?"

"मग काय... कांदा घालून अननस खाल्ला."

तो खदखदून हसला. हसताना त्याची डावी भुवई वर जायची. हे तिला बघायचं नव्हतं, पण दिसलं.

"आज मात्र नक्की मका," तो म्हणाला. निघाले मटार.

असे सात गुरुवार. त्याचा अंदाज चुकूनही बरोबर आला नाही. घरी डबा उघडताना तिची आई म्हणायची, "पोरगा गुणी आहे गं, कान तेवढे कुणीतरी तपासा."

आठव्या आठवड्यात तिला एका शिंप्याकडे काम लागलं. आईला आनंद पोटात मावेना. हिचं तोंड मात्र पडलेलं. पिशवीची गरज संपली, म्हणजे गुरुवारही संपला की!

तरी गुरुवारी ती रांगेत होतीच, शिंप्याची बोलणी खाऊन, अर्ध्या दिवसाची सुटी काढून.

त्याने पिशवी पुढे केली. तिने हात मागे घेतले.

"नको... मला काम लागलं."

"अरे वा!" त्याचा चेहरा उजळला, आणि लगेच, वीज गेल्यावर पंखा मंदावतो ना, तसा मंदावत गेला. "म्हणजे... आता तुम्ही येणार नाही."

"नाही."

"मग दीड तास रांगेत का उभ्या राहिलात?"

या प्रश्नाला तिने तीन उत्तरं तयार ठेवली होती. ऐन वेळी एकही आठवेना.

"तुम्हाला बघायला," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

त्याच्या हातातली पिशवी धप्पकन टेबलावर पडली. तो ती उगाच पुन्हा पुन्हा सरळ करत राहिला. शेवटी तिच्या मागे रांगेत उभी असलेली एक मावशी कडाडली, "अहो, डब्यातलं नाही तर नाही, हे तरी ऐकू आलं ना? मग बोला काहीतरी, आणि आमची पिशवी द्या!"

"मागच्या दाराने या," तो घाईघाईने म्हणाला. "मदतनिसांचं दार आहे. तिथे रांग नसते."

"कुणीच नसतं?"

"एक जण असतो... सात गुरुवार वाट बघतोय."

ती वळसा घालून आत आली. एप्रन बांधला आणि त्याच्या हातातला डबा काढून घेतला.

"यापुढे डबे मी ओळखणार. तुम्ही नुसत्या पिशव्या उचलायच्या."

"जन्मभर?"

"हो. आता गप्प बसा, ऐकू द्या."

तिने डबा कानाशी धरून हलवला. आतलं काही म्हणजे काही कळेना. तिच्याच छातीत एवढी धडधड चालली होती.

"मटार!" तिने ठोकून दिलं.