कंदील कोणी विझवला?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दिवा विझवायला सांगणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. गेल्या वर्षी पाहिला. चिंचपोकळीला आमच्या चाळीच्या गच्चीवर मी बाबांनी बांधलेला कंदील टांगत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ मॅडम, तो जरा बंद कराल? डोळ्यावर येतोय. वरून अंतराळवीर जाणारेत."

मी त्याला उभा-आडवा झाडला. दिवाळीत कंदील विझवणं म्हणजे अपशकुन, एवढंही कळत नाही? तो नुसता हसला... आणि तिथेच माझी वाट लागली.

तो हेरंब. दुसऱ्या मजल्यावरचा नवा भाडेकरू. वर्षभर त्याने मला गच्चीवरून तारे दाखवले, मी त्याला पापडांवर राखण करायला बसवलं. सगळं बोललो — तेवढं एक सोडून. आणि आता भाऊबीज झाली की तो नव्या नोकरीसाठी बंगळुरूला चालला होता.

काल म्हणाला, "मनवा, उद्या परत स्पेस स्टेशन जाणारे वरून. दिसलं ना, तर तुला एक विचारीन."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर... नाही."

असला कसला मेला हट्ट!

आज सकाळी चाळीत ज्याच्या त्याच्या मोबाईलवर एकच व्हिडिओ. स्टेशनातले अंतराळवीर उलटेसुलटे तरंगत होते. एकाने हवेत सोडलेला लाडू तोंडाने झेलला, मग सगळ्यांनी मिळून आपल्याला दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या. शेजारच्या शेवंतीकाकूंनी तर फोनलाच हात जोडले. मला मात्र फराळ गोड लागेना.

संध्याकाळी गच्चीवर आम्ही दोघंच. खाली फटाक्यांच्या माळा लागलेल्या, आणि धूर इतका की समोरची इमारत दिसेना. हेरंब घड्याळ बघे, वर बघे. शेवटी मी उठले आणि कंदिलाचं बटण बंद केलं.

"अगं, अपशकुन —"

"तू वर बघ."

दोघांनी बघितलं. धूर, नुसता धूर. घड्याळ बघून त्याने मान खाली घातली. "गेलं... नाही दिसलं."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. "हेरंब, त्या अंतराळवीरांना तरी आपण कुठे दिसतो रे? शुभेच्छा दिल्याच ना त्यांनी?"

तो कसाबसा म्हणाला, "मनवा... मी तुमच्या घरी आलो, बाबांशी बोलायला... तर चालेल तुला?"

मी मान हलवली. अंधारात त्याला दिसली नसेल म्हणून तोंडानेही हो म्हटलं.

इतक्यात अंगणातून शेवंतीकाकू ओरडल्या, "कंदील कोणी इझवल्यान गो?"

मी काही बोलायच्या आत हेरंब कठड्यावरून वाकला. "आम्ही, काकू. आम्ही दोघांनी."

काकू काय समजायचं ते समजल्या. बाबांना सोडून अख्ख्या चाळीला पाच मिनिटांत कळलं.