गोठ्यावरचा उपवास

कारखान्याच्या पेंट शॉपला चार धुराडी होती आणि चारही नुसती शोभेला होती. २०५८ सालच्या कायद्याप्रमाणे धुराड्यातून रंगाचा वास आला की कारखान्याला टाळं लागायचं. वास घ्यायला माणसं नव्हे, यंत्रं नेमलेली होती. त्यामुळे त्यांना चहापाणी विचारण्यातही अर्थ नव्हता.

गाडीला रंग मारताना त्यात थिनर मिसळतात. रंग गाडीवर राहतो, थिनर उडून जातो. बाहेर उन्हात त्याच्या वाफेची इतर वायूंशी गाठ पडली की जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि आसपासच्या वस्तीत खोकला. पूर्वी ही वाफ गॅसच्या भट्टीत जाळून टाकत. मग भट्टीच्या धुरावरही कायदा झाला. शेवटी हे काम जिवाणूंकडे सोपवण्यात आलं, कारण त्यांची युनियन नव्हती.

पेंट शॉपच्या मागे, काचेच्या छताखाली, बॅडमिंटनच्या कोर्टाएवढ्या जागेत नारळाचा काथ्या आणि झाडाची साल पसरलेली होती. त्यात राहणारे जिवाणू थिनरची वाफ खाऊन संपवत. कागदोपत्री त्याला ‘जैविक बाष्पशोषक संच’ म्हणत. कामगार त्याला गोठा म्हणत आणि वाफेला चारा. शेजारच्या छोट्या खोलीत परातीएवढ्या ट्रेमध्ये याच जिवाणूंचा थोडा वाण वेगळा राखलेला असे. मोठा गोठा मेलाच, तर या ट्रेवरून चार दिवसांत पुन्हा लावता येई. म्हणून ट्रेचं नाव विरजण.

गोठ्याची देखभाल स्वप्नाली थिटेकडे होती. वय बावन्न, नोकरी सव्वीस वर्षं, रजा फक्त लग्नाची आणि बाळंतपणाची. नवरात्रात नऊ दिवस ती पाणी आणि दोन लवंगांवर राहायची. तुळजाभवानीला बोललेला नवस कधीच फिटला होता, पण उपवास सोडायला कारण सापडलं नव्हतं.

त्या वर्षी घटस्थापनेच्या दोन दिवस आधी कारखाना बंद पडला. गाड्यांच्या बॅटऱ्या परदेशी बंदरात अडकल्या होत्या. गाड्या नाहीत म्हणून रंग नाही, रंग नाही म्हणून वाफ नाही, वाफ नाही म्हणून गोठ्याला चारा नाही. थिनरचे पिंप गोदामात भरून पडलेले होते, पण उत्पादन चालू नसताना थिनर उडवणं हा गुन्हा होता. गोठा जगवण्यासाठी खास परवानगी मिळायची सोय होती. अर्ज निकालात निघायला पंचेचाळीस दिवस लागत, आणि जिवाणू आठ दिवसांत मरत. कायदा करणाऱ्यांनी दोन्ही आकडे एकाच पानावर छापले होते.

सरकारी परवाना असलेला नवा वाण मिळायला चौदा महिने. तोवर मालक कारखाना दुसऱ्या राज्यात हलवणार, हे सहाशे कामगारांपैकी प्रत्येकाला ठाऊक होतं.

आठव्या दिवशी मोठा गोठा गेला. विरजणाची खोली थंड आणि शांत होती, म्हणून स्वप्नाली तिथंच खुर्ची टाकून जप करत बसायची. भिंतीवरचा काटा विरजणाची हालचाल दाखवत असे. तो खाली येत येत थांबला आणि मग हळूहळू वर चढायला लागला. तिनं काट्याला बोटानं टिचकी मारली. काटा बरोबर होता.

पुण्याहून डॉ. अद्वय निमकर आले. वय एकतीस, जिवाणूंविषयी बोलताना घरच्या माणसांविषयी बोलल्यासारखे बोलत. त्यांनी आधी खोली तपासली, मग ट्रे तपासला, आणि शेवटी स्वप्नालीला एका नळीत फुंकायला सांगितलं. नळीवर बेचाळीस आकडा आला.

“ताई, किती दिवस जेवला नाहीत?”

“सहा.”

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. माणूस जेवला नाही की शरीर साठवलेली चरबी जाळतं. त्यातून जे निघतं त्यात ॲसिटोन असतं, आणि ते श्वासावाटे बाहेर पडतं. हेच ॲसिटोन थिनरमध्ये असतं. पोटभर जेवलेल्या माणसाच्या श्वासात त्याचा आकडा एक असतो. सहा दिवस उपाशी असलेला माणूस म्हणजे चालतंबोलतं पेंट शॉप, अर्थात फार लहान.

“म्हणजे विरजण माझ्या तोंडच्या वाफेवर जगलंय?”

“तुमच्या उपवासावर जगलंय,” डॉक्टर म्हणाले, आणि हे वहीत लिहून घेतलं.

कायदा तपासला गेला. माणसाच्या श्वासाला उत्सर्जन म्हणता येत नव्हतं. निदान अजून तरी.

दसऱ्याला सकाळी नवऱ्याचा, ओंकारचा, फोन आला. घट उठले, श्रीखंड तयार आहे, लवकर ये. ती निघालीच होती, पण दारात प्लँट मॅनेजर फडतरे उभे होते. त्यांनी सहाशे घरांचा हिशेब मांडला नाही, नुसते विरजणाच्या काट्याकडे पाहत राहिले. स्वप्नालीनं पर्स पुन्हा खुंटीला लावली. ओंकारला तिनं एवढंच सांगितलं, की अजून दोन दिवस.

मदतीला चाळीस कामगार पुढे आले. ते सगळे वर्षानुवर्षं कडक उपवास करणारे होते, निदान तशी त्यांची ख्याती होती. नळीनं एकेकाची ख्याती मोजली. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळी, राजगिऱ्याचे लाडू: हे सगळं शास्त्राला चालत असलं तरी विरजणाला चालत नव्हतं. पोटात पिष्ट गेलं की शरीर चरबीला हात लावत नाही. पेंट शॉपचे फोरमन दगडे, जे तीस वर्षं एकादशी करत होते, त्यांचा आकडा दोन आला.

डॉक्टरांनी स्वप्नालीला आहार ठरवून दिला. तूप, पनीर, थोडं खोबरं. भात, पोळी, साखर नाही. ती तग धरून राहिली. जिना चढताना मध्ये थांबावं लागायचं, आणि स्वप्नात तिला नुसता भात दिसायचा. वरण नाही, तूप नाही, पांढरा भात.

सव्विसाव्या दिवशी बॅटऱ्या आल्या. विरजणावरून गोठा पुन्हा लावला. रंगकाम सुरू झालं, वाफ गोठ्यात सोडली, आणि गोठ्यानं तिला तोंड लावलं नाही. विरजणाच्या खोलीतली हवा गोठ्यात सोडली, तेव्हा कुठं तो खायला लागला: स्वप्नाली खोलीत येऊन बसली की काटा चढायचा, ती उठली की पडायचा. डॉक्टरांनी बाटलीतलं शुद्ध ॲसिटोन देऊन पाहिलं. काहीच फरक पडला नाही.

“ज्या जिवाणूंना उपाशी माणसाचा श्वास मानवला तेच उरलेत,” डॉक्टर म्हणाले. “श्वासात ऊब असते, ओल असते, आणखी शेकडो पदार्थ असतात. त्याच्या जोडीला रंगाची वाफही खातात. पण श्वास आधी लागतो.”

“आणि माझं जेवण?”

डॉक्टरांनी चष्मा पुसला. पुढचं फडतरे बोलले. बदली तीन माणसं मिळाली, त्यांचा आकडा सलग चाळिसाच्या वर राहिला, की ताईंनी त्याच दिवशी जेवावं. निवडही ताईंनीच करावी, कारण त्यांच्याइतका अनुभव दुसऱ्या कुणाला नाही. पदाचं नाव ठरलं ‘श्वास-सहायक’. पगार बरा होता, पण तो महिना भरल्यावर. आधी घाईनं नेमलेल्या तिघांच्या तुकडीला निम्मा पगार आगाऊ दिला होता. तिघंही त्याच संध्याकाळी जेवले आणि दुसऱ्या दिवशी आकडा पडला. तेव्हापासून आगाऊ देणं बंद झालं होतं.

गेटवर टेबल टाकून स्वप्नाली तीन दिवस बसली. दीडशे माणसांनी नळीत फुंकलं. सगळे सांगत होते की चार दिवस काही खाल्लं नाही, आणि नळी सांगत होती की सकाळी वडापाव झालाय.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आली. तिशीची असेल, नाव काजल पावरा. तिनं फुंकलं. नळीनं एकसष्ट दाखवले. स्वप्नालीनं नळी बदलली. पुन्हा एकसष्ट.

“कुठल्या देवीचा उपवास धरलाय?”

“देवीचा नाही, ताई.”

“मग?”

“साइट बंद आहे.”

अर्जावर ‘उपवासाचे कारण’ असा रकाना होता आणि त्याखाली धार्मिक, आरोग्यविषयक, इतर असे तीन चौकोन. स्वप्नालीनं ‘इतर’वर खूण केली. बाईच्या मागे तिच्याच बांधकामाच्या साइटवरच्या आणखी दोघी उभ्या होत्या. त्यांचे आकडे चोपन्न आणि अठ्ठावन्न आले. तीन माणसं पुरी झाली.

मुलाखतीला आलेल्या प्रत्येक उमेदवाराला कँटीनमध्ये एक जेवण मोफत, असा कंपनीचा जुना नियम होता आणि तो बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं. स्वप्नालीनं कूपनं फाडून तिघींपुढे ठेवली. काजलनं आपलं उचललं, उलटंपालटं करून पाहिलं.

“हे खाल्लं तर आकडा पडंल का?”

स्वप्नालीला खोटं बोलता आलं असतं. आकडा पडला असता, बाईची नोकरी गेली असती, आणि ती स्वतः पुन्हा खोलीत जाऊन बसली असती.

“पडेल,” ती म्हणाली.

“महिन्यानं चालंल हे?”

“आजच्यापुरतंच आहे.”

काजलनं दुसऱ्या दोघींकडे पाहिलं. त्यांनी आपली कूपनं टेबलावर परत ठेवली. काजलनं मात्र आपलं कूपन स्वप्नालीच्या हाताखाली सरकवलं.

“मग तुम्ही घ्या, ताई. तुम्ही लई दिवस जेवलेल्या दिसत नाही.”

स्वप्नालीनं तिघींच्या अर्जांवर सह्या केल्या, त्यांना विरजणाच्या खोलीत नेलं, खुर्च्या दाखवल्या, पाण्याची बाटली कुठं असते ते सांगितलं. काटा पाचच मिनिटांत वर गेला. इतका वर तो तिच्यासाठी कधीच गेला नव्हता.

मग ती कँटीनमध्ये गेली. वरण-भात, कोबीची भाजी, पापड. तिनं कूपन दिलं, ताट घेतलं, खिडकीपाशी बसली आणि सगळं जेवली. भात संपल्यावर उठून ती पुन्हा काउंटरवर गेली. वाढप्यानं विचारलं, आणखी कूपन आहे का. तिच्या दुसऱ्या हातात दोन होती.