हाताखालचा कीबोर्ड

"माझा दोस्त कुआंदिक त्या रात्री नुसता शीतगृहाचं तापमान बघायला गेला होता," सासरे म्हणाले. "चौदा डिसेंबर, शुक्रवार."

जेवणं झाली होती. मी चहा ओतत होते. आमच्या कझाखांत नव्या सुनेने पेला अर्धाच भरायचा असतो; म्हणजे माणसं पुन्हा मागतात आणि सुनेला काही उठता येत नाही. मघाशी माझ्या नवऱ्याने, मादियारने, अक्कल पाजळली होती की कॉम्प्युटरवर लिनक्स घ्या आणि निवांत झोपा. त्यावरून हे निघालं.

"एकिबास्तुझच्या रस्त्यावर घोड्यांचा कत्तलखाना आहे ना, तिथली कॉम्प्युटरं कुआंदिककडे. सतरा वर्षं विंडोज. एक किडा आत शिरू दिला नाही पठ्ठ्यानं. लिनक्सची मशीनं राइसा-आपाकडे. तोंडाची फटकळ, पण कामाची पक्की; तिच्या हातच्या हुकुमात कधी चूक नसायची. वसंतात ती वारली. मालक म्हणाला, सगळंच लिनक्सवर टाक, ते मुळातच सुरक्षित."

"आहेच मुळी," मादियार म्हणाला.

"गप रे! घोडा कितीही गुणी असो, बसणारा नवखा असला की पडतोच. काम अडलं की कुआंदिक मशीनमध्ये शिरायची आणखी एक वाट उघडायचा. बाहेरून कुणीही यावं. पासवर्ड तर शेंबड्या पोरालाही सुचेल असा. म्हणे, उद्या बंद करतो. कापायची साखळी थांबवायचं लाल बटणसुद्धा तोडून ठेवलेलं, सारखं काम थांबतं म्हणून."

सासऱ्यांनी पेला पुढे केला. मी अर्धा भरला.

"पहारेकरी ओराझ म्हणाला, 'नव्या मशीनला बकरा कापला नाहीस, बघ हं.' कुआंदिक म्हणाला, 'कत्तलखान्यात आणखी एक बकरा कशाला, काका?' दोघं हसले. तेवढ्यात वरची साखळी हलली. आपोआप. कुणीतरी लांबून आत शिरलं होतं. मांस टांगायचे आकडे पळायला लागले. एक आकडा ओराझच्या खांद्यात घुसला. आरपार. त्याला उचलून निघाला... करवतीकडे."

मादियारने पेला खाली ठेवला.

"कुआंदिक काचेच्या खोलीत धावला. बोटांना जुनंच, विंडोजचं, येत होतं. पडदा काळा. दुसरंच कुणी लिहीत होतं. बाहेर ओराझ किंचाळत होता. करवतीनं पाय धरला. काचेवर रक्त... जाड. आणि मग..."

"मग?"

"कुआंदिकच्या हातावर हात पडला. थंड. मागे कुणी नाही. त्या हातानं त्याची बोटं कळांवर दाबली. कडाक्. पुन्हा. कडाक्. तीन बोटांची हाडं फुटली. तो ओरडत होता, हात थांबत नव्हता.

"साखळी थांबली.

"ओराझ जगला. एका पायावर."

सासऱ्यांनी खिशातून मोबाईल काढला.

"इस्पितळात कुआंदिकच्या उशाशी मी बसलो होतो. तो गाढ झोपलेला. पट्टीतली बोटं पांघरुणावर चालत होती. टक... टक... मी मोबाईलला कीबोर्ड जोडला आणि त्याच्या हाताखाली सरकवला."

त्यांनी मोबाईल मादियारपुढे ठेवला. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं.

"बाहेरच्या वाटा बंद करायचे हुकूम आहेत," तो हळूच म्हणाला. "एकही चूक नाही."

"कुआंदिकला," सासरे म्हणाले, "ते आजही येत नाहीत."