खंडेनवमीला घेतलेला बेस

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, मला काही फरक पडत नाही. हे माझ्या चुलतभावाच्या, कल्याणच्या बाबतीत घडलेलं आहे आणि यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. जागा, नवीन जालन्यातलं वाद्यांचं एक दुकान. दिवस, गेल्या वर्षीची खंडेनवमी.

आणि रात्र-बित्र काही नव्हती. दुपारचे अडीच वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं.

म्हणून तर जास्त भीती वाटते.

कल्याण अंबडच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीत बारा वर्षं गिटार वाजवत होता. त्या सकाळी पार्टीच्या हॉलमध्ये सगळी वाद्यं पूजेला मांडली होती. हळद-कुंकू, झेंडूची फुलं. एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत वाद्याला हात लावायचा नाही, अशी या लोकांची रीत. आरती संपते न संपते तोच पार्टीचे मालक पुंजाराममामा म्हणाले,

"कल्याण, उद्यापासून गिटार बबलू वाजवीन. तू बेस गिटार धर. मच्छिंद्र गेल्यापासून बेसवाला न्हाई आपल्याला."

बबलू म्हणजे मामांचा पुतण्या. गिटार धरून त्याला दोन वर्षंही झाली नव्हती. गिटार पार्टीच्या मालकीची, पण बारा वर्षं कल्याणच्या गळ्यातली.

कल्याणच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बेस? चार तारा अन् ढम्म ढम्म. ते काय वाजवणं हाये?"

"मंग उद्या येऊ नको."

बारा वर्षांचा हिशोब एका वाक्यात मिटला. मला विचाराल तर मामांचंही चुकलंच. पण कल्याणने त्याच रागात मोटरसायकलला लाथ मारली आणि थेट जालना गाठलं. असा बेस घ्यायचा, की उद्या भर कार्यक्रमात बबलूचा पाणउतारा झाला पाहिजे. डोक्यात दुसरं काही नव्हतं.

दुकानाचे मालक श्रेणिकभाऊ एकटेच होते. कल्याण म्हणाला, "असा बेस दाखवा, ज्याच्यावर गिटारीसारखी बोटं पळतील."

"गिटारवाले हीच गलती करतात," श्रेणिकभाऊ म्हणाले. "बोटं पळवून बेस बघायचा नसतो. उभे राहा, गळ्यात घाला. सगळ्यात जाड तार मोकळी छेडा आणि आवाज विझेपर्यंत ऐका. बस. आणि आज तर तुमची खंडेनवमी न? सकाळी जल्दी या, मी दुकान उघडून ठेवतो."

"खंडेनवमी गेली खड्ड्यात. मला आत्ता पाहिजे."

त्याने सगळ्यात हलका, बारीक मानेचा बेस उचलला. कोरा करकरीत. वरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण लोक लगेच म्हणतात की कुणा मेलेल्याचं वाद्य असेल. नव्हतं. खोक्यातून त्याच्यासमोर काढलं होतं.

अ‍ॅम्पला वायर लावली. स्टुलावर बसून कल्याणने वरच्या सुरांत बोटं पळवली. जोरात. रागात.

मग जाड तार एकदाच छेडली.

ढम्म...

आवाज छातीत उतरला. कल्याणने तारेवर तळहात ठेवला.

तार थांबली.

आवाज... थांबला नाही.

त्याने अ‍ॅम्पचं बटण खाली केलं. तेवढ्यात लाईट गेली. पंखा घरघरत थांबला. अ‍ॅम्पचा लाल दिवा विझला.

आवाज चालूच. तोच एक सूर. संथ, जाड, न तुटणारा.

"बंद करा आता," श्रेणिकभाऊ म्हणाले.

"मी वाजवतच न्हाई."

श्रेणिकभाऊंनी त्याच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात हवेत होते. ते दोन पावलं मागं सरकले.

आता कल्याणच्या लक्षात आलं... रस्त्यावरचा एकही आवाज येत नव्हता. रिक्षा दिसत होत्या. हॉर्न नव्हता.

दुसरा कुणी असता तर पळाला असता. कल्याण भडकला. बेस स्टुलाला टेकवून त्याने भिंतीवरची साधी गिटार ओढली. थांब, तुझा आवाजच बुडवतो! बारा वर्षं लोकांनी ज्याला शिट्ट्या मारल्या, तो तुकडा त्याने जीव खाऊन वाजवला.

गिटारीतून... काहीच आलं नाही.

तारा हलत होत्या. बोटांना कळत होतं. कानाला नाही. त्याने आणखी जोर लावला. एक तार तुटली आणि बोट कापलं. तेही मुक्याने.

श्रेणिकभाऊंचे ओठ हलत होते. दोन्ही कानांवर हात होते. कल्याण त्यांच्या अगदी जवळ गेला, तेव्हा कुठे शब्द कळले.

"किती जोरात वाजवून राह्यले! काच फुटेल माझी!"

त्यांना गिटार ऐकू येत होती.

तेव्हा कल्याणला मच्छिंद्र आठवला. हसनाबादचं लग्न. बेसमुळे आपली गिटार दबते म्हणून कल्याणने मिक्सरवर मच्छिंद्रचा आवाज पूर्ण बंद केला होता. तीन तास तो माणूस घामाघूम होऊन वाजवत राहिला आणि कुणालाही काही ऐकू गेलं नाही. नंतर त्याला कळलं. सगळ्यांसमोर त्याने विचारलं, "माझा आवाज नको हाये का तुला?"

कल्याण हसला होता. बाकीचेही हसले. महिन्याभरात मच्छिंद्र काविळीने गेला.

"मच्छिंद्र!" कल्याण दुकानात ओरडला. "जित्तेपणी तोंडावर बोलायची हिंमत न्हाई झाली, अन् आता मेल्यावर ताकद दाखवून राह्यला? ये समोर!"

आवाज थांबला.

लाईट आली. बाहेरचे हॉर्न आले. आणि स्टुलाला टेकवलेल्या नव्या बेसची जाड तार... हळूहळू थरथरत होती.

तरी त्याने तोच बेस घेतला. असा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला बबलू गिटार वाजवत होता. लोक नाचत होते. कल्याणला बबलूची बोटं दिसत होती, गिटारीचा एक सूरही कानावर पडत नव्हता. गिटारीच्या जागी ऐकू येत होता तो फक्त स्वतःचा बेस. पुंजाराममामा म्हणाले, पूजेच्या दिवशी वाद्य वाजवलं त्याची ही शिक्षा. कानाच्या डॉक्टरने तपासलं आणि कान ठणठणीत आहेत म्हणाला.

शेवटी तो हसनाबादला मच्छिंद्रच्या बायकोकडे गेला. दैवशालावहिनींच्या पायाशी बसला, सगळं कबूल केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"रडत घरी आल्ते ते त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "तव्हा तुम्ही आले न्हाई. मयतीला आले न्हाई. आज गिटार ऐकू येईना म्हणून आले. कान बराबर असते तर आले असते का?"

कल्याणला खोटं बोलता आलं नाही.

"मंग जा," वहिनी म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

आणि राग बघा त्याचा! बाहेर येऊन मलाच फोन करून वहिनींना शिव्या घातल्या. मीही त्याला झापलं. तुला अजून स्वतःचंच पडलंय, म्हणालो. महिनाभर आम्ही बोललो नाही.

परवा सकाळी त्याचा फोन आला. आवाज वेगळाच होता. त्याची सहा वर्षांची मुलगी आकांक्षा अंगणात खेळत होती म्हणे.

"हसत होती रे ती," तो म्हणाला. "समोर उभी राहून. तोंड उघडं दिसत होतं. आवाज न्हाई."

मी म्हणालो, संभाजीनगरला दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ. आजच निघू, मी येतो.

पलीकडे शांतता.

मी परत बोललो. मोठ्याने.

"हॅलो?" कल्याण म्हणाला. "बोल ना. बोलत का न्हाई तू?"

मी बोलतच होतो.